घरच्या बाटल्या

सही जुळत नाही असं बँकेतल्या माणसाने सांगितलं तेव्हा तिला आधी हसूच आलं. काम काय होतं, तर पत्ता बदलायचा. एक अर्ज, खाली एक सही, पाच मिनिटांत मोकळी होऊन ती परत प्रयोगशाळेत जाणार होती. काउंटरमागच्या माणसाने कागद जवळ नेला, लांब नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "मॅडम, ही सही तुमची नाही."

"माझीच आहे की. आत्ता तुमच्यासमोर केली."

"तुम्ही तुम्हीच आहात हो, त्याबद्दल आपलं काही म्हणणं नाही. सही तुमची नाही."

मागे रांगेत कोणीतरी फिस्कन हसलं. काउंटरवाल्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर अकरा वर्षांपूर्वीची सही होती, एका दमात ओढलेली, शेवटी ऐटीत काढलेलं शेपूट, जणू सही करणारीला पुढे कुठेतरी मजेत जायचं होतं. आणि कागदावरची सही, धावत्या बसमध्ये उभ्याने केल्यासारखी. पुन्हा करा म्हणाला, पुन्हा केली, ती आणखी वाईट आली. तिसऱ्यांदा तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि तेव्हा त्या माणसाचा आवाज एकदम मऊ झाला. "संधिवात का हो? आमच्या आईचं असंच होतं. राहू दे. नवीन नमुना घेऊन टाकू. आजपासून हीच तुमची सही." तिने नमुना दिला, तीन चौकोनांत तीन वेगळ्या बायकांनी केल्यासारख्या तीन सह्या, आणि त्यानेही फार खळखळ न करता तिन्ही घेतल्या.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्ता ओलांडायला ती उभी राहिली, दिवा हिरवा झाला, माणसं पुढे गेली, दिवा लाल झाला, आणि ही तिथेच. कारण अर्ध्या रस्त्यात, म्हणजे रस्त्याच्या नाही, विचाराच्या अर्ध्या रस्त्यात तिला आठवलं की हा प्रश्न तिनेच लिहिलेला आहे. तुमचं अक्षर बदललं आहे का? प्रश्नावलीतला पहिला प्रश्न. दुसरा, हिरड्यांतून रक्त येतं का. तिसरा झोपेचा. चौथा, उगाच राग येतो का. आणि पाचवा, ज्यावर ती आणि प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, दोन दिवस भांडले होते की हे असं विचारायचं तरी कसं, तो असा: चारचौघांत जायला लाज वाटते का, अलीकडे? थर्मामीटरच्या कारखान्यातल्या बासष्ट बायकांना तिने बासष्ट वेळा हे पाच प्रश्न विचारले होते, स्वतःच्या तोंडाने, समोर बसून, मान हलवत. रोज सकाळी दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी थुंकायचं, मग डबा भरायचा आणि जाऊन बायकांना विचारायचं, हिरड्यांतून रक्त येतं का हो? आणि एकदाही, एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही की आपण कोणाला विचारतोय.

तिचं काम पारा मोजायचं. थर्मामीटर फुटला की फरशीवर पळतो तो पारा, त्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, ती श्वासातून आत जाते आणि मग लघवीतून थोडी थोडी बाहेर पडते. म्हणून बाटल्या. प्रयोगशाळेचं सगळं जगच बाटल्यांचं. आता पारा जास्त आहे हे ठरवायचं तर कशापेक्षा जास्त, हे हवं ना? पुस्तकात तक्ते असतात, निरोगी माणसाचा आकडा तीनच्या आसपास. पण सरांना पुस्तकातले तक्ते डोळ्यांसमोर नको असायचे. "कुठल्या तरी थंड गावातल्या लोकांची मापं आपल्याला कशाला? आपलं शहर, आपलं पाणी, आपलं माप." म्हणून सरांनी फार पूर्वी पद्धत पाडली होती. महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने, सरांपासून शिपाईमामांपर्यंत, एकेक बाटली द्यायची. या घरच्या बाटल्या. मामा सकाळी ट्रे फिरवायचे, "चला, वर्गणी काढा," आणि ती नवीन होती तेव्हा लाजून लाल झाली होती, मग सवय झाली. घरचे चौदा जण म्हणजे स्वच्छ माणसं, शहरातली साधी, कारखान्यात न जाणारी. त्यांचा आकडा म्हणजे शहराचा आकडा. तो पहिल्यापासून अठ्ठावीसच्या आसपास येत आला होता. पुस्तकापेक्षा नऊ पटींनी जास्त. सरांनी त्यावर लेख लिहिला, शहराची हवाच तशी आहे म्हणून, आणि तो लेख खूप गाजला. तिचंही नाव होतं त्यात, दुसरं.

आणि कारखान्यातल्या बासष्ट बायकांचा आकडा आला एकतीस.

तीनने जास्त. हिशेबात न धरण्याइतका. तिने चार वेळा गणित केलं होतं, पाचव्यांदा सरांनी केलं. नुकसानभरपाईच्या समितीला अहवाल गेला: कारखान्यातल्या कामगारांत आणि सर्वसाधारण नागरिकांत म्हणण्यासारखा फरक नाही. ते वाक्य तिने लिहिलं होतं. ते गेलं त्या दिवशी बायकांची पुढारी आली होती, पन्नाशीची, काचेच्या नळ्या भरायचं काम केलेली, तिला सगळे काचवालीच म्हणायचे. ती दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "म्हणजे आम्हाला काही झालेलं नाही?"

"म्हणण्यासारखं नाही."

"मग हे कोण थरथरतंय?" आणि तिने हात पुढे केला. हवेत धरलेला, बोटं पसरलेला, आणि तो हात एखादं लहान जनावर धरून ठेवल्यासारखा हलत होता. तेव्हा हिने काय केलं? हिने स्वतःचे हात कोटाच्या खिशात घातले. वाईट वाटलं म्हणून, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

आता सिग्नलपाशी तिसऱ्यांदा दिवा हिरवा झाला, कोणीतरी धक्का दिला, "ताई, जाताय का राहताय?" आणि ती चालायला लागली, पण आतून सगळं मागे मागे चाललं होतं. प्रयोगशाळेतल्या चहाचं आठवलं. चार वाजता चहा आला की सगळ्यांच्या कपबश्या किणकिण वाजायच्या, आणि मामा म्हणायचे, "घ्या, आरती सुरू झाली," आणि सगळे हसायचे, चौदाच्या चौदा, जास्त काम, जास्त चहा, म्हणून हात हलतात असं म्हणत. सरांचा राग आठवला, फायली फेकणारा राग, त्याची नक्कल करण्यात दोघं-तिघं तरबेज होते. पण हे सगळं ठीक होतं, हे सगळं बाहेरचं होतं. खरी धडकी भरली ती पाचव्या प्रश्नाला. कारण ती तर तशीच आहे ना? लाजाळू, माणसं नको असणारी, ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता बदलणारी? घरात वहिनी थट्टेने म्हणते, आमच्या वन्सं म्हणजे माणूसघाण्या. दादा म्हणतो, बाबांवर गेलीय. आणि तिने ते मान्य करून टाकलं होतं, स्वतःचा स्वभाव म्हणून, नाक आपलं तसा स्वभाव आपला. पण मग कॉलेजात असताना गच्चीवर उभी राहून समोरच्या इमारतीतल्या मैत्रिणीशी ओरडून बोलणारी ती कोण होती? सहलीच्या बसमध्ये सगळ्यात पुढे उभी राहून गाणारी? तो एक होता, ज्याच्याशी लग्न होणार असं सगळ्यांनी धरलं होतं, तिनेही. नोकरी लागून चार वर्षं झाली तेव्हा तो घरी आला, रीतसर, आईवडिलांना घेऊन, आणि ती न्हाणीघरात जाऊन बसली. कडी लावून. बाहेर वहिनी दार वाजवतेय, हळू आवाजात म्हणतेय, अगं वेडी आहेस का, ते बसलेत, आणि ही आत पालथ्या बादलीवर बसून स्वतःच्या हाताकडे बघतेय, घाम आलेला, छाती धडधडतेय, तिला तो हवा होता, खूप हवा होता, आणि तिला बाहेर जाता येत नव्हतं. दीड तासाने ते गेले. त्याचं लग्न झालं, मुलंही झाली. आणि तिने स्वतःला समजावलं की आपलं मुळात प्रेमच नसणार. म्हणजे बघा, काय काय समजावलं होतं तिने स्वतःला! आता त्यातलं आपलं किती आणि त्या वाफेचं किती? हे कुठल्या यंत्रात घालून मोजायचं? जे काही वजा करायचं ते वजा केल्यावर खाली कोणी उरतं का, की उरलेली जागा नुसती गच्चीसारखी रिकामी?

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मटार सोलत बसली होती. ही समोर जाऊन उभी राहिली आणि काचेची छोटी बाटली पुढे केली. "वहिनी, मला एक गोष्ट हवी आहे. हसू नकोस."

वहिनीला कळायला वेळ लागला. कळल्यावर मटार सांडले. "अगं, लोक वहिनीकडे साडी मागतात, फार तर उसनं मीठ मागतात!"

"वहिनी."

"बरं बरं. पण आधी सांग, त्यात काही बाई गोड बातमी वगैरे निघत नाही ना? तुझ्या दादाला झटका येईल."

"निघाला तर पारा निघेल."

वहिनीचा आकडा आला चार. तिने नमुना पुन्हा लावला, पुन्हा चार. शेजारच्या निवृत्त मास्तरांचा आला दोन. मास्तरांनी आयुष्यात कधी शहर सोडलं नव्हतं, तेच पाणी, तीच हवा. म्हणजे शहराचा आकडा अठ्ठावीस नव्हताच कधी. अठ्ठावीस हा या खोलीचा आकडा होता. ती स्टुलावर बसून पायाखाली बघायला लागली. लाकडी फळ्या, जुन्या, मधल्या फटींत काळं भरलेलं. "मामा, आपण यायच्या आधी या खोलीत काय होतं?"

मामा कपाट पुसत होते. "इथं? वायुभारमापकं, ती हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची, दुरुस्त व्हायची. मोठं दुकान होतं, काय विचारता. मी नवा होतो. पारा असा वाटेल तिथं पडायचा, आम्ही त्या थेंबांना टिचक्या मारायचो, पैज लावून, कोणाचा लांब जातो. मग फळ्या टाकल्या वरून." हसले मामा, आणि त्यांच्या हिरड्यांची निळसर कड तिला दिसली, रोज दिसायची तीच, पण आज ती तिला प्रश्नावलीतल्या उत्तरासारखी दिसली. "का हो, काय झालं?"

"काही नाही."

कारखान्यात निदान पंखे होते. उंच छत, चारी बाजूंनी झरोके. आणि ती बासष्ट जणींना निरोगी ठरवत होती, कारण त्या तिच्याइतक्याच आजारी होत्या.

सरांच्या खोलीत जायला तिला पूर्ण एक दिवस लागला. तीनदा दारापर्यंत गेली, तीनदा परत आली, आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न, ही भीती आपली की पाऱ्याने भरलेली? गेली तेव्हा तिने बोलणं पाठ करून ठेवलेलं एका दमात ओतून टाकलं, वहिनी, मास्तर, फळ्या, अठ्ठावीस, सगळं. सर ओरडतील याची तिची तयारी होती, फाइल आली तर वाकायचीही. सर ओरडले नाहीत. तेच जास्त भयंकर होतं.

"वहिनीचं एक, मास्तरांचं एक," सर म्हणाले. "दोन मापं. आणि आपली किती?"

"चौदा जणांची, अकरा वर्षांची. माझ्या आधीची वेगळी."

"फार लांब पडलेलं माप काढून टाकायचं, हा नियम आपल्याकडे कोणी लिहिला?"

"मी."

"मग?"

"सर, लांब पडलेले ते नाहीत. आपण आहोत."

सर बराच वेळ टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिले. ती सरळ होत नव्हती. मग म्हणाले, "मला झोप लागत नाही त्याला बारा वर्षं झाली, पोरी. मला वाटायचं, संशोधकाला नसतेच झोप." आणि हसले, अगदी थोडं, आणि ते हसणं बघून तिला सरांच्या सगळ्या फेकलेल्या फायलींची एकदम दया आली. "एकोणीस लेख जातील. माझी चौतीस वर्षं जातील. तुझंही नाव जाईल, ते तर आत्ताच कमावलंस. समिती चाळीस दिवसांनी फाइल बंद करणार. तुला काय करायचंय?"

"बाहेरची तीस माणसं घ्यायची. बायकांच्या बाटल्या गोठवलेल्या आहेत. सगळ्या पुन्हा लावायच्या."

"यंत्र इथून हलत नाही. हललं की तीन महिने ताळ्यावर येत नाही. वारा लागला तर त्याचा दिवा लवतो, म्हणजे खिडक्या बंद. फळ्या आत्ता उचकटल्या तर आहे त्याच्या दहापट उडेल. आणि हे यंत्र चालवणारी माणसं दोनच. एक मी." सरांनी हात टेबलावरून उचलून दाखवला आणि परत ठेवला. "बाकीच्यांना मी उद्यापासून वरच्या मजल्यावर पाठवतो. तुला बस म्हणणार नाही. बसू नकोस असंही म्हणणार नाही. ते सांगायचा अधिकार मी ज्या दिवशी या फळ्यांवर टेबलं मांडली त्या दिवशी गेला."

म्हणजे सुटका कुठेच नव्हती. त्या खोलीतला पारा सिद्ध करायचा तर त्या खोलीतच बसायचं, दारंखिडक्या लावून, रोज आठ तास, आणि श्वास तर घ्यावाच लागणार. साध्या मास्कला ती वाफ जुमानत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत? न बसावं तर कोणी बोट दाखवणार नव्हतं. तीच तर पंचाईत होती. कोणी बोट दाखवलं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

ती काचवालीच्या घरी गेली. दोन खोल्या, दाराशी चपला, आत शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेलं काहीतरी, त्याची शिवण वाकडीतिकडी गेलेली. हिने उभ्यानेच सांगितलं. काचवाली म्हणाली, "आमचा हात हलताना तुम्हाला दिसला. तुमचा नाही दिसला?"

"नाही."

"खिशात होता," काचवाली म्हणाली. "मी बघितलं होतं. मला वाटलं, बाईला किळस आली."

मग हिने हळूच सांगितलं, पुन्हा मोजायचं तर मला त्या खोलीत चाळीस दिवस बसावं लागेल. सांगताना तिला आतून काय हवं होतं ते तिलाही माहीत होतं. कोणीतरी म्हणावं, बसा, आमच्यासाठी बसा, म्हणजे निदान हुकूम झाला असता. किंवा शिव्या तरी घालाव्यात.

"मग नका बसू," काचवाली म्हणाली. "मी कोण सांगणार? आम्ही बावीस वर्षं बसलो, कारण कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. माहीत असताना मला नसतं बाई जमलं." आणि तिने शिवणयंत्राजवळची खुर्ची रिकामी केली, वरचे कपडे काढून, हाताने झटकून. "आलात तर चहा घेऊन जा. अर्धा कप देते, भरून दिला की सांडतो."

बाहेरच्या तीस बाटल्या वहिनीने जमवल्या. इमारतीत दारोदार फिरली, रिकामी देते, भरलेली द्या म्हणत, बायका हसून हसून लोळल्या, एका आजोबांनी अट घातली की अहवालात नाव छापायचं. पहिल्या दिवशी खोलीत ती एकटी होती. टेबलं वर गेल्यामुळे खोली मोठी दिसत होती आणि आवाज घुमत होता. तिने यंत्र तापवलं, खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, उजवं मनगट टेबलाच्या कडेला टेकवून पहिला थेंब पाडला. थेंब पडला. पाच वाजता बाहेर आली तेव्हा तोंडात धातूची चव होती, किंवा वाटली. आता तिला कुठल्याच गोष्टीची खात्री देता येत नव्हती. आजोबा तीन. वहिनीची मैत्रीण दोन. दूधवाला तीन. पाचवा दिवस, नववा दिवस, तेरावा, आणि मधेमधे बायकांच्या गोठवलेल्या बाटल्याही. प्रत्येक खालच्या आकड्याने काचवाली आणि तिच्या एकसष्ट जणी कागदावर वर चढत होत्या, दिसायला लागत होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने हीसुद्धा. समोर आलेखाचा कागद होता. खाली तळाला शहराची माणसं, एकमेकांना चिकटून, एक ठिपका, दुसरा ठिपका, आणि वर, लांब, मोकळ्या पांढऱ्या जागेत त्या बायका आणि घरचे चौदा जण, सर, मामा, ती. जितकी माणसं स्वच्छ निघत होती तितकी ती एकटी पडत होती.

सतराव्या दिवशी, बाहेरची बाविसावी बाटली लावताना, तिच्या मनात आलं, ही जास्त यावी. अगदी स्पष्ट आलं, कोणीतरी कानात म्हटल्यासारखं. वीस यावी, पंचवीस यावी, कोणीतरी एक अनोळखी माणूस वर यावं, म्हणजे मग कदाचित शहराची हवाच तशी असेल, फळ्या नुसत्या फळ्या असतील, आणि ती न्हाणीघरात बसलेली मुलगी आपली आपणच बसलेली असेल, स्वतःच्या स्वभावाने, कोणाच्याही दोषाशिवाय. बाटलीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक. कोणत्या घरातली, बाईची की पुरुषाची, तिला माहीत नव्हतं. त्या माणसाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं आणि ती त्याला विष भिनलेलं असावं अशी आशा करत बसली होती. तिला स्वतःची शिसारी आली, तरी आशा गेली नाही. काटा हलला, थोडा वर गेला, मग उतरत उतरत खाली येऊन थांबला.

दोन.

तिने तो लिहिला. अंक वाकडा आला, म्हणून खोडला, शेजारी पुन्हा सावकाश लिहिला, वाचता येईल असा. आणि तेविसाव्या बाटलीचं झाकण काढलं.